रानपिंगळ्याचा अनुबोधपट

पक्ष्यांवर चित्रपट काढावयाचा म्हटले की मोर, सारस, रोहित अशा देखण्या पक्ष्यांची नावे प्रथम सुचतात. घुबडाचे नाव सहसा कोणी घेत नाही. एखादा मनुष्य तोंड पाडून कोपऱ्यात बसला, तर ‘घुबडासारखा काय बसला आहेस?’ असे आपण त्याला म्हणतो. घुबडाशी आपला संबंध एवढाच. तरीही महाराष्ट्रातील ज्या पक्ष्यांवर आज एखादा चांगला अनुबोधपट निघावयास हवा, त्यांत एका लहानशा घुबडाचा क्रम फार वरचा आहे, असे मला वाटते. त्या घुबडाचे नाव रानपिंगळा.

अनुबोधपट हा शब्द आता मागे पडला आहे. त्याच्या जागी आपण माहितीपट म्हणू लागलो आहोत. मला स्वतःला जुना शब्द अधिक नेमका वाटतो. रानपिंगळ्याची लांबी किती, त्याच्या पिसांचा रंग कोणता, ही माहिती पुस्तकात मिळते. तेवढ्यासाठी कॅमेरा खांद्यावर घेऊन रान तुडविण्याचे कारण नाही. पाहणाऱ्याच्या मनात आधी नसलेली जाणीव उत्पन्न करणे हे अनुबोधपटाचे काम होय. घुबडाच्या बाबतीत तर आधीपासून घर करून बसलेली भीती बाहेर काढणे, हेही काम त्याच्याच वाट्याला येते.

रानपिंगळा जेमतेम वीतभर असतो. त्याचा भाऊबंद साधा पिंगळा आपल्या परिचयाचा आहे. तिन्हीसांजेला चिंचेच्या किंवा वडाच्या ढोलीतून बाहेर येऊन कर्कश कलकलाट करणारी आणि आपल्याकडे पाहत मान खालीवर करणारी पिंगळ्यांची जोडी आपण सर्वांनीच पाहिली असेल. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते. त्याचे पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले व जाडजूड, आणि नख्या अंगाच्या मानाने बऱ्याच मोठ्या. परंतु सर्वांत नवलाची गोष्ट अशी की, घुबड असूनही तो दिवसाउजेडी शिकार करतो. सागाच्या कोरड्या, विरळ जंगलात एखाद्या वाळक्या फांदीच्या शेंड्यावर तो उन्हात बसलेला असतो आणि सरडा, सापसुरळी किंवा उंदीर दिसला की खाली झेप घेतो.

ह्या पक्ष्याची शास्त्रीय ओळख जगाला १८७३ साली झाली. आजच्या छत्तीसगडमध्ये ब्ल्यूइट नावाच्या संग्राहकाला १८७२ साली मिळालेल्या पक्ष्याचे वर्णन ॲलन ह्यूम यांनी प्रसिद्ध केले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेच्या संदर्भात इतिहासाच्या पुस्तकात ज्यांचे नाव येते, तेच हे ह्यूम. त्या काळी पक्षी पाहिल्याचा पुरावा म्हणजे मेलेला पक्षी. तो बंदुकीने मारावयाचा, कातडी सोलून तीत कापूस भरावयाचा, पायाला ठिकाण व तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावयाची आणि संग्रहालयाच्या खणात ठेवून द्यावयाचा, अशी रीत होती. रानपिंगळ्याचे असे अवघे सात नमुने जगातील संग्रहालयांत जमा झाले. त्यांतील शेवटचे १८८४ च्या सुमाराचे असून ते जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात मिळविलेले होते. पुढे हा पक्षी जणू पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसा झाला. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या थोर पक्षितज्ज्ञांनी शोध घेऊनही तो सापडला नाही.

तो न सापडण्यामागे एक लबाडीही होती. रिचर्ड माइनर्ट्झहेगन हा ब्रिटिश सैन्यातील अधिकारी पक्ष्यांचा नामांकित संग्राहक समजला जाई. आपण १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे रानपिंगळा मिळविला, असे त्याच्या संग्रहातील एका चिठ्ठीवर लिहिलेले होते. पामेला रासमुसन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा निराळेच सत्य बाहेर आले. ती कातडी डेव्हिडसनने १८८४ साली खानदेशात मिळविलेली होती. ती संग्रहालयातून चोरून, उसवून, पुन्हा शिवून तिला नवी, खोटी चिठ्ठी बांधण्यात आली होती! पक्षी खरा, पण त्याचे गाव खोटे आणि साल खोटे. एका खोट्या चिठ्ठीमुळे शोधणारी माणसे कितीतरी वर्षे भलतीकडे पाहत राहिली.

खरी चिठ्ठी कोणती आणि खोटी कोणती हे कळल्यावर रासमुसनबाई, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरात भारतात आले. पूर्वेकडील जुन्या ठिकाणी त्यांच्या हाती काही लागले नाही. मग ते शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी आले. शहादे त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी! डेव्हिडसनच्या काळी अशा क्षणी बंदुकीचा बार निघाला असता. येथे कॅमेरा चालू झाला. छायाचित्रे घेतली गेली, चलच्चित्र घेतले गेले आणि पक्षी आपल्या फांदीवर जिवंत राहिला. कातडीची जागा चित्राने घेतली, ही गोष्ट मला त्या शोधाइतकीच महत्त्वाची वाटते.

पुढील वर्षांत तोरणमाळ, यावल आणि मेळघाट येथे त्याचा पद्धतशीर अभ्यास झाला; मेळघाट हे त्याचे सर्वांत भक्कम आश्रयस्थान ठरले. २०१४ साली तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही आढळला. नवी ठिकाणे कळू लागल्यामुळे २०१८ साली त्याचे नाव अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीतून संकटग्रस्तांच्या यादीत आले. एवढ्याने हुरळून जावे असे मात्र काही नाही. साऱ्या जगात प्रौढ रानपिंगळे २५० ते ९९९ यांच्या दरम्यान असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. एखाद्या मोठ्या शाळेच्या पटावर याहून अधिक मुले असतात.

तेव्हा कॅमेऱ्याने ह्या पक्ष्यावर एक उपकार केलेला आहे, हे मान्य. परंतु जो कॅमेरा बंदुकीची जागा घेतो, तो कधीकधी बंदुकीचे कामही करतो. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे सापडले की छायाचित्रकारांची रीघ लागते. प्रत्येकाला आणखी जवळून चित्र हवे असते. मग कोणी आड येणारी फांदी मोडतो, कोणी ढोलीवर प्रखर दिवा मारतो, कोणी पक्ष्याच्याच आवाजाचे मुद्रण वाजवून त्याला बाहेर बोलावतो. आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून बिचारा पक्षी शिकार सोडून त्या आवाजामागे धावतो. माणसांच्या वर्दळीमुळे आईबाप घरट्यापासून दूर राहिले, तर अंडी थंड पडतात, नाहीतर पिलांवर दुसरे कोणी झडप घालते. चित्र मात्र उत्तम येते, आणि त्याला बक्षीसही मिळते.

म्हणून रानपिंगळ्यावर अनुबोधपट काढणाऱ्याने पहिली प्रतिज्ञा करावी ती अशी: घरटे दाखवावयाचे नाही. अभ्यासकाला घरट्याची नोंद ठेवावी लागते, ती त्याने वन विभागाच्या परवानगीने आणि दुरून ठेवावी. प्रेक्षकाला तिचा काही उपयोग नाही. दुसरे म्हणजे, ज्या झाडावर पक्षी बसला ते झाड, ती पायवाट, तो ओढा ओळखू येईल असे चित्र पडद्यावर येता कामा नये. आजच्या मोबाइलमध्ये घेतलेल्या छायाचित्रात जागेची नोंदही आपोआप होऊ शकते. ती बंद करावी. मेळघाट म्हणावे, सातपुडा म्हणावे. त्याहून जवळचा पत्ता सांगू नये. माइनर्ट्झहेगनने पक्ष्याचा खोटा पत्ता दिला तो कीर्तीसाठी. आपण खरा पत्ता झाकावयाचा तो पक्ष्यासाठी. ह्या दोन गोष्टींत महदंतर आहे, आणि हे अंतर चित्रपटातच प्रेक्षकांना समजावून सांगावे.

यावर कोणी म्हणेल, घरटे नाही, पिलू नाही, जवळचा चेहरा नाही, मग तो चित्रपट पाहणार कोण? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु आपल्याच महाराष्ट्रात त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलेले आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, १९१२ साली, कुंडीत एक वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा मांडून ठेवला. दररोज थोडी थोडी चित्रे घेत त्यांनी अंकुराची वाढ टिपली. कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर अगदी थोड्या वेळात घडून जाई, आणि ती पाहून चित्रपटाला पैसा पुरविण्याचा विश्वास लोकांना वाटला. वाटाण्याच्या रोपाहून सामान्य विषय कोणता असेल? तेथे सारी किमया थांबून पाहण्याची होती. रानपिंगळ्यासाठीही लांब अंतरावर, झाडोऱ्यात लपण उभारून दिवस दिवस बसावे. तो फांदीवर बसून शेपटी कशी झटकतो, एका जागी किती वेळ निश्चल राहतो, मान मागपर्यंत कशी वळवितो, एवढे दाखविले तरी प्रेक्षक खिळून राहील. घुबडाचे डोळे खोबणीत हलत नाहीत. बाजूला पाहावयाचे तर सारी मानच वळवावी लागते. आपल्या मानेत सात मणके असतात, घुबडाच्या मानेत चौदा. हे एकदा कळले, की ज्या मान वळविण्याने माणसे दचकतात, तिचेच कौतुक वाटू लागते.

आता माझा मुख्य मुद्दा. रानपिंगळ्यावरील चित्रपटाचा निम्मा भाग रानपिंगळा जेथे नाही तेथे घेतला जावा, असे माझे मत आहे. उदाहरणार्थ, जालना जिल्ह्यात. जालना हा महाराष्ट्रातील सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. कापूस, सोयाबीन, ज्वारी यांची शेते, मोसंबीच्या बागा, मध्ये मध्ये उघडी माळराने, असा हा कोरडा मुलूख. येथून उत्तरेस जळगाव जिल्ह्यात उतरावे, तापी ओलांडावी, तेव्हा कोठे सातपुडा लागतो. मग जालन्यात काय चित्र घ्यावयाचे? येथे रानपिंगळा नसला, तरी साधा पिंगळा आहे, पडक्या वाड्यांतून व गढ्यांतून राहणारे पांढऱ्या चेहऱ्याचे गव्हाणी घुबड आहे, आणि पूर्णा-दुधनेच्या काठच्या उभ्या दरडींत राहणे ज्याला आवडते ते शिंगांसारख्या पिसांचे शृंगी घुबड आहे. ह्या सर्वांवर एकच शिक्का बसलेला आहे: अपशकुनी. घुबडावर काठी उगारणारा हात त्याची जात विचारीत नाही. सागाच्या रानातील पक्षी दुर्मीळ आहे आणि गावच्या वडावरील पक्षी विपुल आहे, हा भेद पक्षितज्ज्ञ जाणतो. घाबरलेला मनुष्य जाणत नाही. ज्याला आपल्या दारचा पिंगळा नकोसा वाटतो, त्याला सातपुड्यातील रानपिंगळ्याचा कळवळा कोठून येणार?

आपल्या लोकजीवनात पिंगळ्याला एके काळी मानाचे स्थानही होते, हे आपण विसरतो. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारोदार येणाऱ्या, लोकांना भविष्य सांगून दान मागणाऱ्या लोककलावंताचे नावच पिंगळा. पक्ष्याची भाषा त्याला कळते, अशी समजूत होती. त्याला बायाबापड्या सुपातून धान्य वाढीत, आणि ज्या पक्ष्याचे नाव त्याने घेतले, त्याला मात्र हाकलून लावीत!

घुबडाविषयीची आणखी एक समजूत खेड्यापाड्यांत सांगतात. घुबडाला दगड मारला, तर ते तो दगड उचलून पाण्याकाठी नेते आणि घासत बसते; दगड जसजसा झिजतो तसतसा मारणाराही झिजत जातो. ही समजूत अर्थात खरी नाही. परंतु तिच्यामुळे किती घुबडांचे दगड चुकले असतील, कोण जाणे! येथे चित्रपट काढणाऱ्यापुढे खरा पेच उभा राहतो. जी खोटी गोष्ट पक्ष्याला वाचविते, ती खोटी म्हणून सांगावी काय? मी म्हणतो, सांगावी. भीतीचे संरक्षण फार कच्चे असते. दगड मारावयास भिणारा मनुष्यच घुबड आढ्यावर बसू नये म्हणून ढोलीत धूर करतो, नाहीतर ढोलीचे झाडच तोडून टाकतो. ढोली गेली की घुबडाचे घर गेले. ते स्वतः झाड पोखरू शकत नाही. मात्र ही समजूत सांगणाऱ्या आजोबांची थट्टा चित्रपटात होता कामा नये. त्यांना त्यांच्याच ओट्यावर बसवावे, त्यांच्याच बोलीत सारे सांगू द्यावे आणि मध्ये कोणी बोलू नये.

त्यानंतर लगेच दुसरे चित्र यावे, ते जमिनीवरचे. घुबड उंदीर बहुधा सबंध गिळते. मांस पचते, हाडे व केस पचत नाहीत. त्यांची गोळी होऊन ती घुबडाच्या तोंडावाटे बाहेर पडते. ज्या झाडाखाली किंवा पडक्या भिंतीखाली घुबड नेहमी बसते, तेथे अशा करड्या, वाळलेल्या गोळ्या पडलेल्या असतात. हातमोजे घालून त्या गोळा कराव्या, पाण्यात भिजवाव्या, चिमट्याने उकलाव्या आणि निघालेल्या कवट्या कागदावर ओळीने मांडाव्या. हे काम भोकरदनच्या, परतूरच्या किंवा मंठ्याच्या कोणत्याही शाळेतील मुले करू शकतील. एका साध्या मोबाइलवर त्याचे उत्तम चित्रीकरण होईल, आणि घुबडाला त्याची वार्ताही लागणार नाही. बियाण्यांच्या उद्योगासाठी जालन्याचे नाव देशभर झालेले आहे. दाण्याची किंमत ज्यांना कळते, त्यांना कागदावर मांडलेल्या उंदरांच्या त्या कवट्यांचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

गव्हाणी घुबडाच्या शिकारीचे चित्र घेण्याचा मोह मात्र आवरावा. त्यासाठी दिवे लागतात. त्याचे दोन कान एका उंचीवर नसतात. त्यामुळे आवाज कोणत्या दिशेने व किती खालून येतो हे त्याला अचूक कळते, आणि मिट्ट काळोखातही ते केवळ ऐकून उंदीर पकडते. हे दाखवावयाचे तर पडदा सबंध एक मिनिट काळा ठेवावा. गवतातील खसखस तेवढी ऐकू यावी. पंखांचा आवाज येऊ नये, कारण तो नसतोच. प्रेक्षकांनीच कान टवकारून काय झाले ते ओळखावे.

आणि एक अप्रिय विषय. लक्ष्मीचे वाहन म्हणून आपण घुबडाचे चित्र पूजतो आणि दिवाळीच्याच सुमारास धनाच्या लोभाने अघोरी विधींसाठी त्याचा बळीही दिला जातो. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, भारतातील घुबडांच्या सुमारे ३० जातींपैकी १५ जाती चोरट्या व्यापारात आढळल्याचे म्हटले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, विकणे, मारणे हा गुन्हा आहे. हे चित्रपटात सांगितलेच पाहिजे. पण विधी कसा करतात ते दाखवू नये आणि घुबडाला किती किंमत येते तो आकडा तर मुळीच उच्चारू नये. सावध करण्यासाठी सांगितलेला आकडा ऐकून एखाद्याच्या तोंडाला पाणी सुटावयाचे!

हा अनुबोधपट मोठ्या शहरातील महोत्सवात गाजला तर आनंदच आहे. परंतु त्याचा पहिला खेळ जेथे चित्रीकरण झाले त्या गावात, आणि दिवाळीपूर्वी, व्हावयास हवा. जालन्याकडे त्या दिवसांत कापसाची वेचणी जोरात असते. माणसे अंधार पडल्यावरच मोकळी होतात. म्हणून खेळ रात्री आठनंतर शाळेच्या पटांगणात ठेवावा. ओट्यावर बसून समजूत सांगणाऱ्या आजोबांना पुढची जागा द्यावी. पटांगणात ढोलीचे जुने झाड असेल, तर पडदा त्याच्यापासून दूर, दुसऱ्या टोकाला बांधावा आणि ध्वनिक्षेपकाचे तोंड त्या झाडाकडे करू नये.